मोटारीची बाई

आमच्या घरात मोठ्या स्क्रीनचा फोन एकच होता आणि तो माणसांसाठी नव्हे, मोटारीसाठी घेतलेला होता. मोटार म्हणजे विहिरीवरची, पाणी उपसायची. निरवांगीत आमचं घर गावात आणि विहीर पार ओढ्यापलीकडं. शेतातली लाईट कधी येईल याचा नेम नसायचा आणि घरात बसून ती आल्याचं कळायचंही नाही, कारण घरची लाईट वेगळी, शेतातली वेगळी. म्हणून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विहिरीवर फोनवरून चालणारा स्टार्टर बसवला. शेतात लाईट आली की स्टार्टर आपण होऊन फोन करायचा. उचलला की एक बाई ठेवणीतल्या आवाजात सांगायची, "वीजपुरवठा सुरू झाला आहे. मोटार चालू करण्यासाठी एक दाबा." एक दाबला की ओढ्यापलीकडं मोटार सुरू. दादा साधा बटणांचा फोन खिशात घालून रोज मोटरसायकलवर बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जायचे आणि हा मोठा फोन घरी आबांपाशी राहायचा.

आबा दादांचे चुलते. दादा पाळण्यात असताना त्यांचे वडील गेले, तेव्हापासून आबांनीच त्यांना वाढवलं. स्वतःची बायको बाळंतपणात गेली, पुन्हा लग्न केलं नाही. उभी हयात ट्रॅक्टर चालवला. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या लावून कारखान्याच्या रस्त्याला लागले की समोरचा एसटीवालासुद्धा बाजूला घेतो, असं ते स्वतःच सांगायचे. गुडघे दुखायला लागल्यावर कारखान्याच्या खेपा सुटल्या, पण शेताची सत्ता त्यांच्याकडंच होती. त्या सत्तेची खूण म्हणजे विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीची किल्ली. ती कोपरीच्या खिशात असायची आणि उठता-बसता आबा खिशावर हात दाबून ती आहे ना, हे बघायचे. आई अंगणवाडीत जायची, ती दुपारी दोनला परत यायची. तोवर घरात आबा आणि मी.

फोनमधल्या त्या बाईला आबांनी 'मोटारीची बाई' असं नाव ठेवलं होतं. तिचा फोन आला की ते आधी डोक्यावरची टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, "व्हय बाई, व्हय बाई, करतो." मग एक दाबायचे. मी हसून हसून बेजार व्हायची. "आबा, ती खरी बाई न्हाय. टेप हाय ती. तिला काय ऐकू येत न्हाय."

"आसंना टेप. रोज येळंवर सांगती बिचारी. तिच्याशी नीट बोलायला आपलं काय जातंय?"

माणसाशी, जनावराशी आणि यंत्राशी आबा एकाच मायेनं बोलायचे. मी मात्र तेव्हा तेरा वर्षांची होते आणि मला सगळ्याचंच हसू यायचं.

त्या मे महिन्याच्या आधी मी आठ दिवस जळोचीला मामाकडं राहून आले होते. मामा कॉलेजात प्रयोगशाळेत होता. त्यानं मला त्याच्या लहानपणीचा गाडीचा गेम दाखवला. "आमच्या वेळी टीव्हीला डबा जोडायचा, त्यात कॅसेट घालायची, आणि नाही चालली तर कॅसेट काढून जोरात फुंकायची," तो सांगत होता. "आता डबा नको, कॅसेट नको. ब्राऊझरमध्ये नाव टाकायचं, की हजर." मामीनं हाक मारेपर्यंत तो स्वतःच खेळत बसला होता. मध्येच कुणा जाहिरातवाल्याचा फोन आला, तेव्हा त्यानं तो नंबर कसा ब्लॉक केला तेही मी बघून ठेवलं. चांगलं-वाईट दोन्ही मी एकाच दुपारी शिकून आले.

गेम तो केवढासा. चौकोनी चौकोनी ठिपक्यांची एक लाल गाडी, पाठीमागून दिसणारी. रस्ता आपल्याकडं धावत यायचा. दोन्ही बाजूंना एकसारखी झाडं, लांब जांभळे डोंगर, ते कधी जवळ यायचे नाहीत. वर कोपऱ्यात सेकंद उलटे पळायचे. ते संपायच्या आत कमानीखालून गेलं की पुढचा रस्ता उघडायचा. असे पाच रस्ते. गाणं एकच, पिपाणीवर वाजवल्यासारखं, पण डोक्यातून जाता जात नसे. आजही भांडी घासताना मी ते गुणगुणते आणि ध्यानात आल्यावर गप्प होते. आणि त्या ब्राऊझरची एक खोड होती. मध्ये कुणाचा फोन आला की पान बंद पडायचं आणि पुन्हा उघडलं की पहिल्या रस्त्यापासून सुरुवात.

आबांना त्या गेमचं वेड माझ्याआधी लागलं असावं. ते बाजेवर माझ्या शेजारी बसायचे, डोळे बारीक करून, आणि त्यांचा उजवा पाय जमिनीवर आपोआप दाबला जायचा. मी प्रत्येक वळणाला झाडावर आदळायची. दोन-तीन दिवस त्यांनी बघितलं आणि मग राहवेना. "आगं, वळणात शिरल्यावर कसला ब्रेक मारतीस? वळण दिसलं की आदी सोडायचं. मंग वळायचं. निम्मं वळण झालं की पुन्यांदा दाबायचं. भरलेल्या ट्रॉल्या आशाच वळीवत्यात." मी तसं केलं. गाडी सरळ पार झाली. ठिपक्यांच्या त्या गाडीला कारखान्याच्या रस्त्याची अक्कल लागू पडली, याचं आबांना इतकं अप्रूप वाटलं की संध्याकाळी दादा आले तेव्हा चहा व्हायच्या आधी त्यांनी ते सांगून टाकलं. त्या आठवड्यात आम्ही चौथ्या रस्त्यापर्यंत पोचलो. पाचव्याच्या शेवटी काय आहे, यावर आमची पैज लागली होती. मी म्हणायची समुद्र. आबा म्हणायचे कारखाना.

त्याच दिवसांत आबांनी झेंडू लावला होता. दरवर्षी सगळीकडं ऊस असायचा, पण यंदा अर्ध्या एकरात झेंडू करायचा असं आबांच्या मनानं घेतलं. दादांना ते पटलं नव्हतं. "आबा, ह्या उन्हात रोपं जगायची न्हायती," ते म्हणाले होते. आबांनी खिशावर हात दाबला. "जगवायचं माज्याकडं लागलं." त्या शब्दापुढं दादांनी विषय सोडला. रोपं लावून पाच दिवस झाले होते आणि सहाव्या दिवशी आमची पाळी होती. विहीर सामाईक, भावकीतल्या पाच घरांची. मोटारी ज्याच्या त्याच्या, पाणी एक. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की रोज एका घराची पाळी असायची, म्हणजे प्रत्येकाची पाच दिवसांनी यायची. त्या दिवशी विहिरीत जे साठलं ते त्याचं. त्यानं नाही उपसलं तर दुसऱ्या दिवशी ते पुढच्याचं. यात लग्नकार्य, दुखणंखुपणं काही चालत नसे. एरवी एकमेकांच्या घरातून विरजण नेणारी माणसं पाळीच्या बाबतीत ओळख दाखवत नसत.

पाळीच्या दिवशी सकाळी आईनं आमरस केला होता. कुरडया तळल्या होत्या. आबा दोन वाट्या रस जास्त प्याले. नंतर पडवीत बाजेवर आडवे होत त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "बाईचा फोन आला की मला हालवून उठीव. आज झेंडूचं पाणी हाय."

"व्हय," मी म्हणाले.

आई अंगणवाडीत गेली. मी गेम उघडला. तिसऱ्या रस्त्यावर होते तेव्हा फोन आला. मी आबांना उठवलं. त्यांनी टोपी सारखी केली, "व्हय बाई," म्हणाले, एक दाबला आणि तेवढ्यात शेतातली लाईट गेल्याचा दुसरा फोन आला. ते पुन्हा आडवे झाले. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. चौथ्या रस्त्यावर पुन्हा लाईट आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी मी पाचव्या रस्त्यावर होते. कमान दिसत होती. वर अकरा सेकंद शिल्लक होते. आणि फोन वाजला. आबांनी उठून एक दाबला, लाईट लगेच गेली, ते म्हणाले, "आज बाईचं काय खरं न्हाय," आणि कुशीवर वळले. मला रडू आलं होतं. इतका राग मला त्याआधी कुणा माणसाचा आला नव्हता. मी तो नंबर दाबून धरला आणि मामानं दाखवलं होतं तसा ब्लॉक केला. पंधरा मिनिटं फक्त, असं मी स्वतःला सांगितलं. एकदा शेवट बघते, मग परत सोडते.

शेवट मी बघितला. तिथं समुद्र होता. निळे ठिपके, वर पिवळा सूर्य, इंग्रजीत अभिनंदन, आणि मग पुन्हा पहिला रस्ता, तीच झाडं. मी पैज जिंकले होते. आबांना उठवून दाखवावं म्हणून वळले, तर ते इतके गाढ झोपले होते की म्हटलं, उठल्यावर पुन्हा करून दाखवू. पुन्हा जमतंय का बघायला मी पुन्हा खेळले. मग पुन्हा. आबांनी शिकवलेलं वळण आता इतकं अंगवळणी पडलं होतं की थांबावंसं वाटेना. आई आली, मला आणि आबांना पडवीत बघून आत गेली. ब्लॉक केलेल्या नंबरची आठवण झाली तेव्हा चार वाजले होते. मी तो सोडला आणि फोन हातात धरून बसले. फोन वाजला नाही.

थोड्या वेळानं भावकीतले तात्या वैरण घेऊन दारावरून गेले. ते थबकले. "आबा, आज मोटार लावली न्हाय व्हय? अकरापसनं तीनपतुर लाईट हलली न्हाय. आता डीपी जळालाय, उद्या सकाळशिवाय काय येत न्हाय बगा."

आबा बाजेवर उठून बसले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. ते आधी फोनकडं बघत होते, मग माझ्याकडं. त्यांनी चपला घातल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ओढ्याकडं निघाले.

दादा कामावरून आले ते परस्पर शेतावर जाऊन आले. विहीर भरलेली होती आणि झेंडूनं माना टाकल्या होत्या. उद्या सकाळपासून ते पाणी तात्यांचं. दादा तात्यांकडं जाऊन आले. एक तास द्या म्हणाले. तात्या म्हणाले, "पाळी म्हंजी पाळी, बाबा. माजी मका जळून चाललीया." दादा घरी आले, पडवीत उभे राहिले आणि त्यांनी मला विचारलं, "फोन कुणापाशी हुता?"

"माज्यापाशी."

"वाजला न्हाय?"

आई दारात होती. आबा भिंतीला टेकून खाली बसले होते. खरं सांगायला मला एक शब्द पुरला असता. दादांनी मारलं असतं, फोन काढून घेतला असता, दोन दिवस घरात कुणी बोललं नसतं. एवढंच झालं असतं. मी म्हणाले, "अकराला बी वाजला हुता. मी आबांना उठवून दिला. ते 'व्हय बाई, करतो' म्हणाले."

ते 'व्हय बाई' मी का घातलं? नुसतं दिला म्हणाले असते तर कदाचित आबांनी नाही म्हटलं असतं. पण त्यांचेच शब्द ऐकल्यावर ते काय बोलणार? दादांनी फोनमधली यादी उघडून बघितली असती तरी सगळं उघडं पडलं असतं. ती त्यांनी बघितली नाही. पोरगी खोटं बोलेल असं त्यांच्या मनातच आलं नाही. आबांच्याही आलं नाही. ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या नजरेत संशय नव्हता. ते आठवत होते. मग म्हणाले, "दिला आसंल. मलाच ध्यान न्हाय. झोपंत व्हय म्हणलो आसंन, आन एक दाबायचा ऱ्हायला आसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्यांनी घरच्या नळाचं पाणी हंड्यांनी वाहिलं. आबाही वाहत होते. आई नको नको म्हणत होती, ते ऐकत नव्हते. अर्ध्या एकरात हंडे किती पुरणार? दोन ओळी जगल्या. बाकीचं सगळं पुढच्या पाळीपर्यंत वाळून गेलं.

त्या आठवड्यात दादांनी स्टार्टरला आपल्या फोनचा नंबर जोडून घेतला. मग एका सकाळी कामावर जायच्या आधी ते आबांसमोर बसले आणि एरवीपेक्षा हळू आवाजात म्हणाले, "आबा, लई केलंत तुमी. आता बसून खावा. किल्ली द्या माज्याकडं." ते रागावले असते तर बरं झालं असतं. आबांनी का म्हणून विचारलं नाही. खिशातून किल्ली काढली, कोपरीला पुसली आणि दादांच्या हातावर ठेवली. दादांनी ती आत कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. मी शेंगदाण्याची चटणी-भाकरी खात होते. तो घास मी गिळला, एवढं आठवतं.

त्यानंतर आबा स्वतःची परीक्षा घ्यायला लागले. वार मोजायचे. कारखान्याच्या रस्त्यावरची वळणं क्रमानं म्हणून बघायचे. दारामागं खडूनं रेघा मारायचे, जेवलो, औषध घेतलं, म्हशीला पाणी पाजलं. ट्रॅक्टरला हात लावणं त्यांनी आपणहून सोडलं. "मधीच काय इसरलो तर? माणसं आस्त्यात रस्त्यावर." आणि सगळ्यात वाईट म्हणजे ज्याची त्याची खात्री करायला ते माझ्याकडं यायचे. "बाय, तुजं ध्यान चांगलं हाय. मी सकाळी गोळी घेतली का गं?" मी सांगायची, घेतली. ते निश्चिंत व्हायचे. गेम मी पुन्हा उघडला नाही. आबांनी एकदा विचारलं, "तुजी गाडी गेली का शेवटाला?" मी नाही म्हणाले. म्हणजे तिथंही खोटंच. त्या दोन ओळी दसऱ्यापर्यंत फुलत राहिल्या. दसऱ्याला आबांनी त्या फुलांचं तोरण करून दाराला बांधलं आणि लांब उभं राहून बघत म्हणाले, "ध्यानात ऱ्हायलं असतं तर समदं रान असं झालं असतं."

मी शिकले, शिक्षिका झाले, जळोचीला घर केलं. दर महिन्याला निरवांगीला जायची. दरम्यान आबा खरंच विसरायला लागले. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं. होत असेल. पण माणसाला आपण विसरतो असं कुणी पटवून दिलं तर तो लवकर विसरायला लागतो का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली.

एकदा मी लॅपटॉप घेऊन गेले होते. पडवीत आबा माझ्या शेजारी बसले होते. मला त्यांनी ओळखलं होतं, अधूनमधून ओळखायचे. माझ्या हातानं ब्राऊझरमध्ये ते नाव कसं टाइप केलं, मलाच कळलं नाही. लाल गाडी आली. पिपाणीचं गाणं लागलं. आणि आबांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. पहिलं वळण दिसलं तसे ते म्हणाले, "आदी सोड." मी सोडलं ते सगळंच सोडलं. गाडी झाडावर आदळली आणि मी त्यांना सांगितलं. फोन वाजलाच नव्हता आबा. मी बाईचा नंबर बंद करून ठेवला होता. गेमपायी. तुम्ही काही विसरला नव्हता.

"वाजलाच न्हवता?"

"न्हाय."

त्यांनी मांडीवर थाप मारली. "मंग मी इसरलो न्हवतो!" ते हसायला लागले. तोंडात दात नव्हते, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसतच होते. रागाचा मागमूस नव्हता, तो असता तर मला पेललं असतं. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "दादाला सांगितलंस का?"

"सांगते," मी म्हणाले.

दिवे लागायच्या आत ते विसरले. अंगणात येऊन मला विचारू लागले, "बाय, बाईचा फोन आला हुता का? आज झेंडूचं पाणी हाय." पुढच्या महिन्यात मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तीच थाप, तेच हसू, आणि पुन्हा तोच प्रश्न, दादाला सांगितलंस का. असं पाच-सहा वेळा झालं. दर वेळी मी म्हणाले, सांगते. त्यांना ते दर वेळी खरं वाटलं. मी सांगितलं नाही आणि आबा गेले.

त्यांचं वर्षश्राद्ध झालं, पाहुणे पांगले, तेव्हा मी दादांना सांगितलं. ते पडवीत भुईमुगाच्या शेंगा निवडत होते. आता त्यांचंही वय झालेलं. सगळं ऐकेपर्यंत त्यांचे हात चालू होते. मग थांबले.

"वाजला न्हवता?"

"न्हाय दादा."

"आबांना सांगितलंवतंस?"

"सांगितलं हुतं. लई येळा."

"काय म्हणलं?"

"दादाला सांगितलंस का, म्हणायचे."

दादा उठून आत गेले. मला वाटलं, निघून गेले. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात ती किल्ली होती. खिळ्यावरची कॅलेंडरं किती बदलली असतील, ती तिथंच होती. स्टार्टरची ती पेटी कधीच भंगारात गेलेली. दादा शेंगांच्या ढिगापाशी बसले आणि किल्लीकडं बघत राहिले. "मी मागितली तवा का म्हणूनसुदिक इचारलं न्हाय त्यांनी," ते म्हणाले. "मला वाडवलं त्यांनी. आन मी त्यांच्या हातनं ही काढून घेतली."

सांगितल्यावर हलकं वाटेल, अशी माझी समजूत होती. इतकी वर्षं जे माझ्यापाशी होतं ते त्या दुपारी मी माझ्या म्हाताऱ्या बापाला अर्धं वाटून दिलं, आणि माझ्याकडचं काही कमी झालं नाही.

दादांनी किल्ली सदऱ्याला पुसली, खिशात टाकली आणि वरून हात दाबला. तेव्हापासून ती त्यांच्या खिशातच असते. उठता-बसता ते हात दाबून बघतात. कुलूप कुठं गेलं, ते घरात कुणालाच ठाऊक नाही.